पल्सर १५०ची बॅटरी बदलायचीय, कोणती घेऊ?

चिपळूणची लेक: बाबांची २०१४ची पल्सर १५० आहे. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक, मीटरचे दिवेही मंदावतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना किक मारायला सक्त मनाई आहे, म्हणजे सेल्फ चालायलाच हवा. जुन्या बॅटरीवर १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिहिलंय. दुकानदार म्हणतो १२ एएचची टाका. भाऊ म्हणतो लिथियम घे. ऑनलाइन ३०० रुपये स्वस्त दिसतेय. शनिवारी पुण्याहून घरी जाणार आहे.

कराडचा वायरमन: ताई, ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो, म्हणून सांगतो. पैसे काढायच्या आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. मग टर्मिनलचे स्क्रू, अर्थिंग आणि सेल्फला करंट सोडणारा रिले बघा. १२ च्या खाली असेल तर आधी पूर्ण चार्ज करा आणि मगच सेल्फ मारून आकडा बघा. चार्ज करूनही साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी गेली.

यानंतरची तपासणी बरेच जण टाळतात. गाडी चालू करून थोडी रेस द्या. १३.५ ते १४.५ यायला हवं. १५ च्या वर गेलं तर चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर खराब आहे, तो नवी बॅटरीही उकळून टाकेल.

बॅटरी ९ एएचचीच घ्या. मोठी खोक्यात बसत नाही, मग लोक क्लॅम्प न लावता तशीच कोंबतात. जुनीचा फोटो न्या, प्लस कुठल्या बाजूला आहे ते जुळलं पाहिजे. लिथियमला चार्जर वेगळा लागतो आणि जुन्या रेग्युलेटरवर ती लावायला माझं मन धजत नाही.

एक्साइड की अमरॉन, यावर मी वाद घालत नाही. मी बॅटरी बनवल्याची तारीख बघतो. दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. जिथे खप जास्त तिथून घ्या, दुकानातच मीटर लावायला सांगा. ऑनलाइनमध्ये हे कसं बघणार?

हर्णैकर: आमच्याकडे खाऱ्या हवेने टर्मिनल लवकर खातात. जोडल्यावर व्हॅसलीन लावा. आणि गाडी रोज चालते का?

चिपळूणची लेक: नाही हो, बाजारापुरती. दोन किलोमीटर, तेही आठवड्यातून दोनदा.

कराडचा वायरमन: मग खरं दुखणं हेच! सेल्फने जेवढं खाल्लं तेवढं दोन किलोमीटरमध्ये भरून निघत नाही. नवीही अशीच मरेल. कुणीतरी आठवड्यातून एकदा सावर्ड्यापर्यंत फेरी मारून यावं. ते जमणार नसेल तर एक अँपिअरच्या आसपासचा, भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर घ्या. कारचा मोठा चार्जर लावू नका.

चिपळूणची लेक: दादा, झालं काम. सकाळी ११.७ होतं. गॅरेजमध्ये रात्रभर चार्ज करूनही सेल्फ मारल्यावर ८.९. रेस दिल्यावर १४.१, म्हणजे रेग्युलेटर ठीक. ९ एएचची घेतली, गेल्याच महिन्यातली. चार्जरही घेतला. जुनी बॅटरी दिल्यावर थोडे पैसे कमी केले. बाबांनी स्वतः सेल्फ मारला, एका दमात चालू.

कराडचा वायरमन: छान. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर आहे ना, बघा. किती महिने पूर्ण बदलून देणार आणि कधीपासून फक्त सूट, हेही दुकानदाराकडून लिहून घ्या. बिलाचा फोटो बाबांच्या मोबाइलमध्येही ठेवा, दुकानात तेच जाणार.