ग्राहक कंपनीकडून सायबर सुरक्षेची प्रश्नावली आली आहे. लहान पुरवठादाराने सुरुवात कुठून करावी?

भोसरी_टर्निंग (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा सीएनसी टर्निंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग बनवण्याचा, लहान कारखाना आहे. सहा मशीन, बावीस माणसे आणि ऑफिसात तीन कॉम्प्युटर एवढाच आमचा पसारा. आमच्या पिना आणि बुश चाकणच्या एका कंपनीला जातात आणि तिथे जुळणी होऊन पुढे गाड्यांच्या कारखान्यात जातात. गेल्या आठवड्यात त्या कंपनीच्या परचेस विभागाने ८६ प्रश्नांची एक प्रश्नावली पाठवली असून ती पंधरा दिवसांत सही-शिक्क्यानिशी परत मागितली आहे. माहिती सुरक्षेचे लेखी धोरण आहे का, सायबर हल्ला झाल्यास किती तासांत कळवाल, तुमच्या स्वतःच्या पुरवठादारांची तपासणी कशी करता, असे प्रश्न त्यात आहेत. आमचे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ म्हणतात की सगळीकडे 'होय' लिहून मोकळे व्हा, तपासायला कोणी येत नाही. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आहे.

मागच्या वर्षी आमच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांच्या, म्हणजे आमचे भाग तापवून कडक करून देणाऱ्यांच्या, नावाने एक ईमेल आला. आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढचे पेमेंट नव्या खात्यात करावे, असे त्यात लिहिले होते. तो मेल आमच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या खालीच, त्याच साखळीत आला होता. बिल नंबर बरोबर होता, रक्कम रुपयापर्यंत बरोबर होती, सोबतच्या बिलावरचा शिक्काही त्यांचाच होता. बदललेला होता तो फक्त खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी. आम्ही ३ लाख ४० हजार रुपये पाठवले. बारा दिवसांनी त्यांचा फोन आला की पेमेंट कधी करताय, तेव्हा प्रकार उघड झाला. तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. त्यांचा मेल कोणीतरी उघडला असणार असे आम्ही त्यांना सांगितले, ते म्हणाले आमच्याकडे तसे काही झालेले नाही, आणि तेव्हापासून वीस वर्षांच्या संबंधांत अंतर पडले आहे.

ही प्रश्नावली मला खरी उत्तरे देऊन भरायची आहे. आमच्याएवढ्या कारखान्याने कोणती कामे आधी करावीत? आणि आमच्यासारख्या लहान माणसाकडे हल्लेखोर का येईल, याचेही उत्तर मला घरच्यांना द्यायचे आहे, कारण खर्चाचा प्रश्न तिथेच अडतो.

प्लँट_आयटी

नमस्कार. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आयटीचे काम पाहतो, म्हणजे अशा प्रश्नावल्या पाठवणाऱ्यांपैकी आहे. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

जपानमध्ये कोजिमा इंडस्ट्रीज नावाची कंपनी टोयोटाला प्लास्टिकचे भाग पुरवते. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तिच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. हल्लेखोर थेट कोजिमात शिरले नव्हते. कोजिमाच्या एका उपकंपनीने बाहेरच्या कंपनीशी संपर्कासाठी दूरस्थ जोडणीचे एक उपकरण बसवले होते आणि त्यात त्रुटी होती. तिथून ते उपकंपनीत आणि तिच्यातून कोजिमात पोहोचले. परिणाम असा झाला की १ मार्च रोजी टोयोटाने जपानमधील आपले सर्व १४ कारखाने, म्हणजे २८ लाइनी, बंद ठेवल्या आणि सुमारे १३,००० गाड्यांचे उत्पादन हुकले. टोयोटाच्या यंत्रणेला कोणी हातही लावला नव्हता. सुटे भाग गरजेपुरतेच आणि वेळेवर मागवण्याची पद्धत जिथे आहे, तिथे एका पुरवठादाराची ऑर्डर घेण्याची यंत्रणा बंद पडली की पुढची लाइन थांबते.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस हल्ला झाला आणि ब्रिटनमधील उत्पादन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बंद राहिले. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने एकूण नुकसानीचा अंदाज १.९ अब्ज पौंड इतका मांडला आणि ५,००० हून अधिक संस्थांना झळ बसल्याचे सांगितले. पुरवठादारांचा रोख पैसा आटू नये म्हणून ब्रिटिश सरकारला १.५ अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. म्हणून मला मनापासून असे वाटते की ग्राहक कंपनीने पुरवठादाराला नुसते प्रश्न विचारून थांबू नये, स्वतःची तयारीही दाखवावी. ही प्रश्नावली भरून पाठवताना त्यांनाही विचारा की तुमचे ऑर्डर आणि बिलांचे पोर्टल बंद पडले तर आम्हाला शेड्यूल कसे मिळेल आणि आमची बिले कशी स्वीकाराल. हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता कामाचे. एका कोऱ्या कागदावर आपला कारखाना मध्ये काढा आणि बाहेरून जे जे कोणी आपल्या कॉम्प्युटरपर्यंत, मेलपर्यंत किंवा मशीनपर्यंत पोहोचू शकतात, त्या सर्वांच्या रेघा काढा. ग्राहकाचे व्हेंडर पोर्टल, जीएसटी भरणारे सल्लागार, टॅलीची दुरुस्ती करणारे, सीसीटीव्ही बसवून गेलेले, मशीन कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर असे सगळे त्यात आले पाहिजेत. प्रत्येक रेघेवर लिहा की ही वाट आज खरोखर लागते का, तिचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि ती बंद करायची झाली तर कोण करेल. आपल्याएवढ्या कारखान्यात हे दोन तासांचे काम आहे, आणि ८६ पैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्या कागदावरच सापडतात.

मी अशी पाहणी करायला एका पुरवठादाराकडे गेलो होतो. मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर जुनी विंडोज ७ होती, दुरून कॉम्प्युटर चालवण्याचे एनीडेस्क हे सॉफ्टवेअर कायम चालू होते आणि त्याचा पासवर्ड इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेला होता. मालकांना विचारले तेव्हा कळले की तो तीन वर्षांपूर्वी आलेल्या सर्व्हिस इंजिनिअरने ठेवला होता आणि तो माणूस आता त्या कंपनीत नाही. ऑफिसचे आणि मशीनचे कॉम्प्युटर एकाच राऊटरवर होते, म्हणजे त्या एका वाटेने टॅलीपर्यंतही जाता येत होते. यावर मोठा खर्च लागला नाही. मशीनसाठी वेगळा राऊटर घेतला, एनीडेस्क काढून टाकले आणि इंजिनिअरला लागेल तेव्हा समोर बसून जोडणी द्यायची व काम झाले की तोडायची असे ठरवले.

बॅकअपचे म्हणाल तर दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या आणि एक नेहमी कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवा, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करते. टॅलीबरोबर मशीनचे प्रोग्रॅम, टूल ऑफसेट (हत्यारांच्या मापांच्या नोंदी) आणि ड्रॉइंगही त्यात घ्या. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा.

एक विनंती अशी की आपल्या ऑफिसच्या मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम, म्हणजे आलेला मेल आपोआप दुसरीकडे पाठवणारे किंवा हलवणारे नियम, आजच तपासा. आपण लिहिलेल्या प्रकारात मेल नेमका कोणाचा उघडला गेला होता, हे मला तुमच्या वर्णनावरून ठरवता येत नाही.

न्हावाशेवा_क्लिअरिंग

वरील माहितीत माझ्या व्यवसायातील थोडी भर घालतो. मी आयात-निर्यातीच्या क्लिअरिंगचे काम करतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हे कॉम्प्युटर निकामी करणारे सॉफ्टवेअर जगभर पसरले तेव्हा मी न्हावा शेव्यातच होतो. युक्रेनमधील व्यवसाय कर भरण्यासाठी जे एमईडॉक नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधून तो हल्ला निघाला. मर्स्क ही जगातील मोठी जहाज कंपनी त्यात सापडली आणि न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीने पुढे जाहीर केल्याप्रमाणे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरमुळे उरणच्या रस्त्यावर ट्रेलर उभे राहतात, हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिले.

आम्हाला धडा मिळाला तो आमच्याच ऑफिसातल्या उणिवेचा. ट्रेलरवाल्यांचे, गोदामांचे आणि पार्टीच्या माणसांचे नंबर आमच्याकडे फक्त मेलमध्ये होते, आणि त्या दिवशी खबरदारी म्हणून आम्ही कॉम्प्युटर बंद ठेवले होते. दुपारपर्यंत आम्ही कोणालाच नीट निरोप देऊ शकलो नाही. तेव्हापासून महत्त्वाच्या ६० नंबरांची छापील यादी टेबलाच्या काचेखाली असते आणि दर तिमाहीला ती नव्याने छापली जाते. आपणही ग्राहकाच्या परचेस, स्टोअर आणि क्वालिटीच्या माणसांचे नंबर कागदावर ठेवावेत, आणि कॉम्प्युटर नसताना आठवडाभर माल कसा पाठवता येईल, कोरी चलान पुस्तके कुठे आहेत, ई-वे बिल मोबाइलवरून कोण काढेल, हे ठरवून ठेवावे.

हिशेब_तपासनीस

पेमेंटविषयी लिहितो, कारण मी पाहिलेल्या प्रकरणांत पैसे बहुतेक वेळा याच वाटेने गेले आहेत. खाते बदलल्याचा कोणताही निरोप आला तर जुन्या बिलावरच्या किंवा आपल्या वहीतल्या नंबरवर स्वतः फोन करावा. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीही करू नये. खाते बदलणारा आणि पेमेंट सोडणारा माणूस वेगळा असावा, मग तो घरचाच का असेना. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय बँकांनी दिली आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. फसवणूक कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

प्रश्नावलीतल्या लेखी आश्वासनाविषयी माझे मत थोडे अधिक सावध आहे. खोटे 'होय' लिहिणे म्हणजे सही करून केलेले विधान आहे आणि उद्या नुकसान झाले तर तेच तुमच्यासमोर ठेवले जाईल. जिथे व्यवस्था नाही तिथे 'आज नाही, अमुक महिन्यापर्यंत करू' असे लिहा. पण त्याबरोबर प्रश्नावलीच्या शेवटी असलेले हमीपत्र शब्दन्‌शब्द वाचा. 'पुरवठादारामुळे होणारे सर्व नुकसान भरून देऊ' असे अमर्याद वाक्य असेल तर वकिलाला दाखवून त्याला रकमेची मर्यादा घालून घ्या. बावीस माणसांचा कारखाना मोठ्या कंपनीच्या थांबलेल्या लाइनीची भरपाई करू शकत नाही.

किती तासांत कळवाल, या प्रश्नाबाबत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लक्षात ठेवावेत. त्यानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. लहान आणि मध्यम उद्योगांना त्यातून सूट नाही. त्यांना फक्त सप्टेंबर २०२२ पर्यंत तयारीसाठी मुदत दिली होती.

आणि आपले खाते लहान सहकारी बँकेत असेल तर दुसऱ्या एखाद्या बँकेतही चालू खाते ठेवावे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या लहान बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा परिणाम झाला तेव्हा बँकांमधली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरते वेगळे केले आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. पगाराच्या तारखेला असे झाले तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

भोसरी_टर्निंग

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी मी आणि माझ्या मुलीने तो कागद काढला. चौदा रेघा निघाल्या. त्यांतल्या पाच आज लागतच नाहीत, आणि दोन कोणाच्या आहेत हे आम्हाला सांगता आले नाही.

त्यानंतर मेलचे नियम पाहिले. हीट ट्रीटमेंटवाल्यांकडून येणारा प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर पाठवायचा आणि आमच्या इनबॉक्समधून काढून टाकायचा, असा एक नियम तिथे सापडला. म्हणजे मेल त्यांचा नव्हे, आमचा उघडलेला होता. ते वर्षभर सांगत होते की आम्ही पाठवलेल्या मेलना तुमचे उत्तर येत नाही, आणि आम्ही त्यांना सांगत होतो की तुमचे मेल येतच नाहीत. आता काय करू? नियम काढून टाकू का?

प्लँट_आयटी

काढण्याआधी त्या पानाचा, पूर्ण पत्ता दिसेल असा, फोटो घ्या. मग दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला, सर्व ठिकाणचे लॉगिन एकदम बंद करा, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही लागेल अशी सोय) सुरू करा आणि त्यानंतर नियम काढा. पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल आणि मेल आपलाच आहे का, हेही पाहा. सर्ट-इनला कळवण्याची मुदत नियम दिसल्यापासून मोजली जाईल, म्हणून आता थांबू नका. फोटो आपल्या जुन्या पोलीस तक्रारीलाही जोडा. त्या मेलमध्ये चाकणच्या कंपनीची ड्रॉइंग आणि शेड्यूल येत असतील, तेव्हा त्यांना प्रश्नावलीची वाट न पाहता आजच सांगा. मी त्यांच्या जागी असतो तर असे स्वतःहून कळवणाऱ्या पुरवठादाराला जवळ धरले असते.

भोसरी_टर्निंग

सांगितल्याप्रमाणे सर्व केले आणि सर्ट-इनला मेल गेला. परचेसच्या साहेबांना फोन केला, त्यांनी त्यांच्या आयटीच्या माणसाला उद्या आमच्याकडे पाठवतो असे सांगितले. प्रश्नावलीसाठी आठ दिवस वाढवून मिळाले आहेत. त्या नियमाच्या फोटोची प्रत काढून मी आता हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे निघालो आहे. हे त्यांना मेलवर सांगण्यासारखे नाही.