नीट (मेडिकल प्रवेश परीक्षा): विज्ञान येतं, तरी सराव चाचणीत गुण का पडत नाहीत?

फोंड्याचा_पालक: मुलगी बारावी सायन्सला. कॉलेजात तिन्ही विषयांत ८५च्या वर. नीटच्या सराव चाचणीत मात्र ७२० पैकी ३९०: बायो २३०, केमिस्ट्री १०५, फिजिक्स ५५. गोमेकॉचं (गोवा मेडिकल कॉलेज) ध्येय आहे. चुकतंय कुठे?

ओएमआर: आधी फिजिक्सची उत्तरपत्रिका उघडा. ४५ प्रश्नांत ५५ गुण अनेक तऱ्हांनी पडतात, त्यातली दोन टोकं पाहा: १७ बरोबर, १३ चूक, १५ सोडलेले; किंवा २० बरोबर, २५ चूक. पहिलीत वेग कमी आहे, दुसरीत अंदाजपंचे चाललंय. दोघांना औषध एक नाही. बरोबरला ४, चुकीला वजा १. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील तर उत्तर द्यावं, नाहीतर पुढे जावं.

पेशीद्रव्य: बायोचे ९० प्रश्न म्हणजे निम्मा पेपर, आणि तो एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या ओळींवर असतो. 'धमन्या हृदयाकडून रक्त नेतात' बरोबर. 'सर्व धमन्यांत ऑक्सिजनयुक्त रक्त असतं' चूक, कारण फुप्फुस धमनी. बोर्डात दीर्घ उत्तरात असली चूक अर्ध्या गुणावर निभावते, इथे पाच गुणांचा फरक पडतो. आकृत्यांखालचा मजकूरही वाचायला सांगा. गाइडं नंतर.

फोंड्याचा_पालक: वेळ पुरत नाही म्हणते. कॅल्क्युलेटर चालत नाही ना?

ओएमआर: नाही, लॉग टेबलही नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न. बायो ५० मिनिटांत, केमिस्ट्री ५०, उरलेला वेळ फिजिक्सला. उत्तरपत्रिकेवरचे गोळे शेवटी एकदम रंगवू नयेत, एक ओळ सरकली की पुढचं सगळं गेलं.

आकडेमोडही कागदावर कमी करावी. उदा. प्रथम कोटीची अभिक्रिया, अर्धायुकाल (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) १० मिनिटं, ९३.७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? वर्गात शिकलेली मुलं लॉगचं सूत्र मांडतात. उरलं ६.२५ टक्के: १००, ५०, २५, १२.५, ६.२५. चार उड्या, ४० मिनिटं. संपलं.

फोंड्याचा_पालक: पत्रिका पाहिली. १९ बरोबर, २१ चूक, ५ सोडलेले.

ओएमआर: म्हणजे वेग नव्हे, चुका. त्या २१ मध्ये सूत्रच चुकलं ते किती, आणि सूत्र बरोबर पण सेंटीमीटरचे मीटर केले नाहीत ते किती, दोन रकाने करा. दुसरा रकाना मोठा निघाला तर नवा धडा आठवडाभर थांबवा.