कंपाउंडची भिंत पडली. दुरुस्ती असोसिएशनने करायची की तळमजल्यावाल्याने?

तळमजला_वडगाव:
नमस्कार. बेळगावच्या वडगावात आमची बारा फ्लॅटची इमारत असून माझा फ्लॅट तळमजल्यावर मागच्या बाजूस आहे. २०१८ साली ताबा मिळाला. फ्लॅटमागची मोकळी पट्टी ‘केवळ याच फ्लॅटच्या वापरासाठी’ असल्याचे खरेदीपत्रात लिहिले आहे. यंदाच्या जुलैच्या पावसात त्या पट्टीलगतची चिऱ्याची कंपाउंड भिंत सुमारे वीस फूट लांबीत आमच्या बाजूला कलली आणि तिचा मधला भाग पडला. पलीकडच्या प्लॉटवर गेल्या उन्हाळ्यात घर बांधताना मालकांनी भिंतीला लागून तीनेक फूट मातीचा भराव टाकला होता. कमिटीचे म्हणणे असे की, ज्याच्या वापरात जागा, त्याची भिंत. शेजारी म्हणतात, भिंत तुमच्या बिल्डरने बांधली, आमचा संबंध नाही. खर्च कोणाकडून मागावा, तपासणीसाठी कोणत्या प्रकारच्या इंजिनिअरला बोलवावे आणि भिंत पुन्हा कशाची बांधावी, याबद्दल अनुभवी सभासदांनी सल्ला द्यावा. माझ्या हाताशी चाळीस हजार रुपये आहेत, त्याहून जास्त नाहीत, हे कृपया लक्षात घ्यावे.

टिळकवाडी_निवृत्त:
ताई, चिऱ्याच्या नादी पुन्हा लागू नका. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीनंतर मी आमच्या बंगल्याभोवती पूर्ण आरसीसी भिंत घातली, दर दहा फुटांवर कॉलम दिले आणि वर ग्रॅनाइटची पट्टी बसवली. खर्च तीन लाखांवर गेला, पण आज गल्लीत आमच्याच भिंतीला एकही तडा नाही आणि लोक मुद्दाम पाहायला येतात. एकदाच खर्च करावा आणि निर्धास्त व्हावे.

कोल्हापूरचे_जावई:
यात विचारण्यासारखे काहीच नाही. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची, असे आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या सासऱ्यांच्या सोसायटीत हाच वाद झाला होता आणि उपनिबंधकांकडे अर्ज जाताच कमिटीने निमूटपणे काम करून दिले. त्या उपविधींची प्रत मी आपल्याला पाठवू शकतो.

कागद_आधी:
जावईबापूंनी सांगितलेले उपविधी महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहेत. ते कोल्हापुरात चालतात, वडगावात चालत नाहीत. आपल्याकडील बहुतेक अपार्टमेंट असोसिएशन एक तर १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, नाही तर १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप ॲक्टखाली येतात, आणि पुष्कळ ठिकाणी आपण नेमके कोठे येतो हे कमिटीलाही ठाऊक नसते. म्हणून प्रथम एवढे पाहावे की, आपल्या इमारतीचे ‘डीड ऑफ डिक्लरेशन’, म्हणजे इमारत १९७२ च्या कायद्याखाली आणणारे घोषणापत्र, सब-रजिस्ट्रार कार्यालयात नोंदलेले आहे का. ते असेल तर १९७२ चा कायदा लागू होतो. त्या कायद्यात मुख्य भिंती, अंगण, बाग, तसेच इमारतीच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेले इतर सर्व भाग सामाईक धरले जातात, मात्र डिक्लरेशनमध्ये वेगळे लिहिले असेल तर तेच चालते. विशिष्ट फ्लॅटच्या वापरासाठी राखून ठेवलेल्या जागेला त्यात ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ अशी वेगळी संज्ञा आहे. म्हणजे आपल्याला पट्टीचा वापर मिळाला, पण त्यामुळे हद्दीची भिंत आपल्या मालकीची झाली असे होत नाही. सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो, आणि ‘मी ती जागा वापरत नाही’ असे म्हणून वरच्या मजल्यावाल्याला त्यातून अंग काढून घेता येत नाही. डिक्लरेशन नसेल तर मात्र खरेदीपत्र आणि असोसिएशनचे बायलॉज (उपविधी) एवढ्यावरच भिस्त राहते, म्हणून खरेदीपत्रात त्या पट्टीच्या देखभालीबद्दल काही लिहिले आहे का, हे जाणकाराकडून वाचून घ्यावे. आमच्या इमारतीचे खरेदीपत्र कन्नडमध्ये, बायलॉज इंग्रजीत आणि सभेचे इतिवृत्त मराठीत आहे. तिन्ही एका टेबलावर ठेवून वाचणारा माणूस मिळाला तोवर अर्धे भांडण उरकले होते.

जांबोटी_रोड:
टिळकवाडीच्या काकांनी चिऱ्याला उगाच बदनाम करू नये. आमच्या आजोबांचे घर जांभ्या चिऱ्याचे असून आजवर त्याच्या भिंतीला ओळंबा लावला तर दोरा हलत नाही. भिंत चिऱ्यामुळे पडत नाही, चिऱ्याच्या सांध्यात माती आणि चिमूटभर सिमेंट भरणाऱ्या कंत्राटदारामुळे पडते.

टिळकवाडी_निवृत्त:
जुन्या घरांच्या भिंती दीड फूट जाडीच्या होत्या. हल्लीचे बिल्डर एकेरी चिरा उभा करतात, त्याची तुलना आजोबांच्या घराशी करू नये. माझा आग्रह आरसीसीचाच आहे.

अनगोळ_स्थापत्य:
चिरा की आरसीसी हा प्रश्न नंतरचा आहे. मूळ कारण लक्षात घेतले नाही तर कोणतीही भिंत कलेल. कंपाउंडची भिंत केवळ स्वतःचे वजन आणि वारा पेलण्यासाठी बांधलेली असते. एका बाजूला भराव टाकताच तिला माती धरून ठेवणाऱ्या भिंतीचे काम करावे लागते, आणि त्यासाठी तिचा पायाही केलेला नसतो, जाडीही ठेवलेली नसते. भरावाची उंची दुप्पट झाली की मातीचा एकूण रेटा चौपट होतो, आणि भरावात पाणी साचले तर पाण्याचा दाब त्यात वेगळा मिळतो. वडगाव-शहापूरच्या शिवाराकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पाया दरवर्षी थोडा थोडा हलत राहतो. भिंत आपल्या बाजूला, म्हणजे भरावाच्या विरुद्ध दिशेला कलली, ही बाब आपल्या फार उपयोगाची आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे, केवळ नकाशे मंजूर करून देणाऱ्याला नको. पायाजवळ एक लहान खड्डा खणून पायाची खोली मोजून घ्यावी, भरावाची उंची फूटपट्टीसह फोटोत यावी आणि भिंत कशामुळे कलली याचे कारण त्याच्या सहीने लेखी घ्यावे. नव्या भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी खालच्या थरात छिद्रे ठेवून त्यांच्या मागे खडी भरली नाही, तर ग्रॅनाइटची पट्टीही तिला वाचवू शकणार नाही.

शहापूर_पेठ:
बिल्डरला सोडू नका. रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. पाच वर्षांपर्यंतचा बांधकामातील दोष त्याने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. माझ्या मेहुण्याने असाच दट्ट्या लावला होता.

कागद_आधी:
ती पाच वर्षे ताब्याच्या तारखेपासून मोजतात. ताबा २०१८ चा आहे, म्हणजे मुदत २०२३ मध्येच संपली. शिवाय भराव बिल्डरने टाकलेला नाही.

शहापूर_पेठ:
तरीही एक तक्रार ठोकून द्यावी. बिल्डर लोक कागदाला घाबरतात.

माजी_सेक्रेटरी:
सर्वांनी कमिटीला खलनायक ठरवले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी आमच्या असोसिएशनचे काम पाहिले आहे. मेंटेनन्स वेळेवर न भरणारे सभासद भिंत पडली की पहिल्यांदा दार ठोठावतात, लिफ्टचा करार थकलेला असतो, बोअरची मोटर जळलेली असते आणि चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ विचारतात की मागची भिंत मी जन्मात पाहिली नाही, मग पैसे का द्यावेत. कमिटीने ‘ज्याची जागा त्याची भिंत’ असे म्हटले असेल ते कायदा पाहून नव्हे, तिजोरी पाहून. तरीही ताईंना एक मार्ग सुचवतो. तोंडी बोलणे थांबवावे, विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी करावी आणि ठराव काहीही होवो, तो इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रत मागावी. लेखी नकार हातात असला की पुढे वकिलाला काम सोपे जाते.

निपाणीकर:
मोजणी झाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, हे माझे ठाम मत आहे. आमच्या येथे दोन शेजारी एका भिंतीवरून बरीच वर्षे भांडले, आणि सिटी सर्व्हेची मोजणी झाली तेव्हा भिंत दोघांच्याही हद्दीत नसून पालिकेच्या गटारीच्या जागेत निघाली. खरेदीपत्रातील चतुःसीमा, सिटी सर्व्हेचा उतारा आणि प्रत्यक्ष भिंत या तिन्हींचा मेळ बसतो का ते पाहावे.

अनगोळ_स्थापत्य:
निपाणीकरांचा मुद्दा योग्य आहे. एक पुरवणी जोडतो. शेजारी कदाचित म्हणतील की माझ्या जमिनीला तुमच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात (ईझमेंट ॲक्ट) असा हक्क सांगितलेला आहे खरा, पण तो जमिनीच्या नैसर्गिक स्थितीपुरता आहे. वरून ओतलेल्या भरावासाठी आपली भिंत आधार म्हणून फुकट वापरता येत नाही. नोटीस काढाल तेव्हा हा मुद्दा वकिलांच्या कानावर घालावा.

कोल्हापूरचे_जावई:
मी प्रथमपासून हेच सांगत आहे की खर्च ताईंचा नाही.

टिळकवाडी_निवृत्त:
चाळीस हजारांत काय होणार, हे कोणी सांगितले नाही. त्यात पायाचे खोदकामही होणार नाही. नातेवाइकांकडून उसने घ्यावेत, पण काम पक्के करावे.

तळमजला_वडगाव:
सर्वांचे मनापासून आभार. कागद पाहिले. डीड ऑफ डिक्लरेशन नोंदलेलेच नाही आणि खरेदीपत्रात पट्टीच्या देखभालीबद्दल एक शब्दही नाही. सभेची मागणी मी लेखी दिली होती. सभेत आवाज चढले, ठराव झाला नाही, पण ‘निर्णय प्रलंबित’ एवढे इतिवृत्तात आले आणि त्याची प्रत मला मिळाली. स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी येऊन पाहिले आणि भरावाचा रेटा व पाण्याचा निचरा नसणे ही कारणे लेखी दिली.

आता मी जे ठरवले आहे ते इथल्या बहुतेकांना पटणार नाही. मी भिंत बांधणार नाही, आणि सध्या वकिलाकडेही जाणार नाही. उरलेली कललेली भिंत उतरवून चिरे एका बाजूला रचून ठेवणार, घसरलेली माती उतार देऊन दाबून घेणार आणि आमच्या बाजूला लोखंडी अँगल रोवून तारेची जाळी लावणार. हे सर्व माझ्या रकमेत बसते. जाळी ही तात्पुरती सोय आहे, हा खर्च करताना भिंतीची जबाबदारी मी मान्य केलेली नाही आणि चिरे असोसिएशनच्या मालकीचे आहेत, असे पत्र कमिटीला व शेजाऱ्यांना पोचपावतीसह पोस्टाने पाठवले आहे. मोजणीचा अर्जही दिला आहे. भिंत नसताना भराव कोणाच्या अंगणात येतो हे पुढच्या पावसात शेजाऱ्यांनाच दिसेल, कारण त्यांनी नवी फरशी अगदी कडेपर्यंत घातली आहे आणि खालचा भराव सरकला की ती खचेल. कमिटीशी मला रोज जिन्यात भेटायचे आहे, म्हणून पहिली चाल शेजाऱ्यांना खेळू द्यावी असे वाटते.

निपाणीकर:
मोजणीच्या आधी अँगल रोवू नयेत, एवढे तरी ऐकावे.

जांबोटी_रोड:
चिरे विकायचे असतील तर कळवावे.

तळमजला_वडगाव:
चिरे माझे नाहीत हो, आत्ताच तर पत्रात लिहून दिले.

टिळकवाडी_निवृत्त:
जाळीला दोन पावसाळ्यांत गंज चढेल. निदान गॅल्वनाइज्ड तरी घ्या, आणि अँगलला रेड ऑक्साइडचे दोन हात द्यायला गवंड्याला सांगू नका, समोर उभे राहून पेंटरकडून लावून घ्या.