मदत हवी आहे: फीच्या यादीतला क्रम मोडावा का?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतले आम्ही नऊ जण दरवर्षी वर्गणी काढून गरजू मुलांची कॉलेजची फी भरतो. यंदा पैसे चौघांपुरतेच आहेत आणि अर्ज आलेत अकरा. घरचं उत्पन्न, मार्क, घरात कमावतं कोण, हे बघून क्रम लावला.

परवा सातव्या क्रमांकावरची मुलगी आईला घेऊन घरी आली. आईच्या हाताला पोळ्या लाटून घट्टे पडलेले. मुलीने मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. चहाच्या कपाला दोघींनी शेवटपर्यंत हात लावला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला वर घ्यावं असंच सारखं वाटतंय.

पण चौथ्या क्रमांकावरच्या मुलाला मी पाहिलेलंच नाही. त्याची आई आली असती तर?

१९९५ साली डॅनियल बॅटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असाच प्रयोग केला होता. उपचारांच्या प्रतीक्षा यादीतल्या एका आजारी मुलीची मुलाखत लोकांना ऐकवली. तिच्या भावनांची कल्पना करत ऐका असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तिला जास्त गरजू मुलांच्याही पुढे नेलं. वाचून चपापलो.

तरी कळवळा नसता तर आम्ही ही वर्गणी सुरूच केली नसती, हेही खरं.

शनिवारी बैठक आहे. असे निर्णय घेतलेल्यांनी कृपया सांगावं: अर्जदारांना भेटता का? भेटलात तर सगळ्यांना, की कुणालाच नाही?