झोनटाग, केरवोखे आणि मिक्सर : परदेशात रुळतानाचे अनुभव

रानजाई :
काल संध्याकाळी बेल वाजली. समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली परभणीची मुलगी दारात उभी, हातात एक पाटी. "काकू, हे माझ्या दाराला कोणी अडकवलं? माझं काही चुकलं का?" पाटीवर लिहिलेलं : केरवोखे. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तिची. जर्मनीतल्या स्टुटगार्टकडची जुनी रीत आहे ही. आपली पाळी झाली की पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची. मी म्हटलं, अगं केर काढायचा आठवडा, केर म्हणजे केरच! ती हसायला लागली आणि मला एकदम भरून आलं. कारण २००६ साली हीच पाटी माझ्या हातात त्याच दारातल्या आजींनी दिली होती.

आम्ही आलो तो नोव्हेंबरातला शनिवार. घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ. रविवारी सकाळी नवरा दूध आणायला गेला तो तासाभराने रिकाम्या हाताने परत. इथे रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची तेवढी उघडी. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बॅगेत साबुदाणा, शेंगदाणे, तुपाची बरणी होती. दुपारी दोनला कुटासाठी मिक्सर लावला. अर्धं कूट झालं असेल नसेल, दारात आजी. "झोनटाग! झोनटाग!" मला वाटलं कोणाला तरी काहीतरी झालंय. झोनटाग म्हणजे रविवार. रविवारी मिक्सर नाही, ड्रिल नाही, व्हॅक्यूम क्लीनर नाही, हे नवऱ्याने कसंबसं समजून घेतलं. मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

सोमवारी सकाळी आठला पुन्हा बेल. आजीच. आत आल्या, मिक्सरकडे बोट दाखवून मान हलवली, आता लाव. आणि कूट कसलं असतं ते चमचाभर चाखूनच गेल्या.

आजी २०१८ मध्ये गेल्या. त्यांच्याच घरात ही मुलगी राहते. रात्रभर झोप नाही लागली मला. तुमचेही सुरुवातीचे दिवस लिहा ना, कुठलाही देश चालेल.

चिमणचारा :
मिक्सर म्हटल्यावर राहवेना. आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा सासूबाईंनी दिलेला मिक्सर बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. इथे वीज १२० व्होल्टची. नुसता घुं घुं करायचा, खोबरं फिरतच नसे. मग ट्रान्सफॉर्मर आणला, तो मिक्सरहून जड. अजून आहे. टाकवत नाही.

पश्या :
केर म्हणजे केरच, लई आवडलं

मोरपंखी :
रानजाई, तुझ्या आजी डोळ्यांसमोर आल्या गं.

माझं जरा वेगळं. २००९ ला लग्न होऊन डलासजवळ आले. नाशिकला डेंटिस्ट होते, स्वतःचे पेशंट होते. इथे एच-४, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा व्हिसा. काम करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, पायी जायला फुटपाथ नाही. नवरा सकाळी साडेसातला गेला की संध्याकाळपर्यंत घरात आवाज फक्त फ्रिजचा. कोणी विचारलं तू काय करतेस, तर तोंडातून उत्तर फुटायचं नाही. आधी सांगायचे, डॉक्टर आहे. मग डॉक्टर होते. मग नुसतं हसायचे.

मला सावरलं ते गावातल्या सार्वजनिक लायब्ररीने. कार्ड फुकट, पुस्तकं हवी तेवढी. बुधवारी तिथे इंग्रजी बोलायचा वर्ग चालायचा. मला इंग्रजी येत होतं, तरी जायचे. आठवड्यातून एकदा कोणीतरी मला नावाने हाक मारायचं ना!

२०१५ च्या मेपासून आमच्यातल्या काहींना, म्हणजे नवऱ्याच्या ग्रीनकार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झालाय अशांना, काम करायची मुभा मिळाली. माझं परवानगीचं कार्ड त्या वर्षी ऑक्टोबरात आलं. डेंटिस्ट म्हणून काम करायला इथलं शिक्षण पुन्हा घ्यावं लागतं, ते अजून झालेलं नाही. पण एका दवाखान्यात सहाय्यक म्हणून लागले. पहिल्या दिवशी हातमोजे घातले आणि त्या रबराच्या वासाने नाशिकचं क्लिनिक आठवलं. सहा वर्षं गेली त्यात. त्या सहा वर्षांचं काय करायचं ते मला आजही कळत नाही.

शेवगा :
मोरपंखी, वाचून गलबलले. मीपण एच-४ होते, चार वर्षं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

सुमी१२ :
डलासजवळ म्हणजे फ्रिस्को का? माझी मावसबहीण तिथेच आहे

मोरपंखी :
नाही गं, अर्व्हिंग.

सुमी१२ :
अच्छा. तिला घर बघायचंय त्या बाजूला, शाळा कशा आहेत? विपू (विचारपूस, तुझ्या पानावर निरोप) करते तुला.

खाडीपलीकडे :
आमच्या खेड-मंडणगडात घर सोडून जाणं नवं नाही. आधी मुंबईच्या गिरण्या, नंतर आखात. बाबा १९९४ पासून शारजात. मी २०१९ ला दुबईला आलो, एसी डक्टच्या कामाला. खोलीत सहाजण, एकावर एक पलंग. बायकोला आणायचं तर पगार तेवढा हवा, तो नव्हता. लोक अमेरिका-जर्मनीचं लिहितायत म्हणून जरा बिचकत होतो, पण लिहितो.

इथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. कॉलसाठी दुसरं ॲप घ्यावं लागतं. ते आजीला जमेना. मग शेजारचा पोरगा तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. "जेवलास काय रे? आज म्हस विली. रेडी झाली." एवढंच. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उन्हात काम करून घ्यायचं नाही असा नियम आहे इथे. त्या अडीच तासांत सावलीला पडून मी ते मेसेज ऐकायचो. मधे फोन बदलला, पण मेसेज सगळे उतरवून घेतलेत. आजी मागच्या पावसात गेली.

रानजाई :
खाडीपलीकडे, बरं केलंत लिहिलंत. बिचकायचं काय त्यात. अजून लिहा.

लामणदिवा :
एडमंटन, कॅनडा. जानेवारी. उणे ३४. इथे गाडी रात्री प्लगला लावून ठेवतात, इंजिन गरम राहायला. पहिल्याच आठवड्यात विसरलो, सकाळी गाडी ढिम्म. कामाचा तिसरा दिवस. समोरचा युक्रेनियन शेजारी कामाला निघाला होता, तो थांबला, केबल आणून गाडी चालू करून दिली. त्याला स्वतःला उशीर झाला त्यापायी. नवीन येणाऱ्यांना सांगणं : भारतातून जाड कोट विकत घेऊन येऊ नका, इथल्या थंडीला तो पुरत नाही. इथे आल्यावर पहिल्या दिवशी घ्या. बूट तर इथलेच.

चिमणचारा :
बूट ++१

सुपारी :
तोक्यो, निशी-कसाई. इथे बरेच भारतीय आहेत त्यामुळे कढीपत्त्याची आबाळ नाही झाली. अडलं ते कचऱ्यावर. जळणारा कचरा, न जळणारा, बाटल्या, कागद, सगळ्यांचे वार वेगळे, आणि सकाळी ठरलेल्या वेळेआधीच ठेवायचा. मोठी वस्तू टाकायची तर आधी नोंदणी, मग दुकानातून पैसे भरून स्टिकर आणून त्या वस्तूवर चिकटवायचं. एकदा माझी पिशवी तशीच परत ठेवलेली दिसली, वर चिठ्ठी. जपानी वाचता येत नव्हतं. चिठ्ठी घेऊन ऑफिसात गेले, टीममधल्या बाईंनी वाचली आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन चारही डब्यांवर चित्रं काढून दिली. भाजीच्या देठांचं, दुधाच्या खोक्याचं. माझी मुलगी त्या चित्रांवरूनच जपानी शब्द शिकली.

पश्या :
कढीपत्ता फ्रीजरमध्ये टिकतो का हो? इथे डब्लिनात कधी मिळतो कधी नाही

शेवगा :
धुऊन कोरडा करायचा, देठापासून पानं काढायची, हवाबंद डब्यात. दोन महिने सहज. रंग बदलतो पण वास राहतो.

आनंदराव :
मुलांनो, मी यंदा ७९ वर्षांचा आहे, हळूहळू टाईप करतो. १९७० च्या ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी डेट्रॉइटला आलो. त्या काळी परकीय चलन फार तुटपुंजं मिळे, माझ्या खिशात आठ डॉलर होते. बसचं भाडं दिल्यावर किती उरले ते आजही पाठ आहे. घरी फोन करण्याचा प्रश्नच नव्हता, आमच्या वाईच्या घरात फोन नव्हता. निळी एरोग्राम पत्रं. बारा-पंधरा दिवस लागत.

वडील १९७२ च्या मार्चमध्ये गेले. तार आली. तिकिटाचे पैसे नव्हते, परीक्षा तोंडावर. गेलो नाही. तार आल्यानंतर पाच दिवसांनी वडिलांचंच पत्र पोचलं, आधी टाकलेलं. त्यात होतं, थंडीचा कोट घेतलास का, किती पडला ते कळव. लामणदिवा यांनी कोटाचं लिहिलंत म्हणून हे आठवलं. कोट अठरा डॉलरला घेतला होता. कळवायचं राहून गेलं.

सुपारी :
आनंदराव काका, नमस्कार करते.

मोरपंखी :
🙏

उंबरठा :
आनंदराव, तुमच्यानंतर लिहायला धीर होत नाही, तरी एक बाजू राहतेय ती मांडते. आमच्यासारख्या आईवडिलांची. मुलगा अमेरिकेत, सनीव्हेलला. आम्ही नातवंडांसाठी सहा महिने जातो. घर तेच असतं, पण प्रत्येक वेळी नव्याने रुळावं लागतं. पुण्यात मी रोज एकटी भाजी आणायला, नाटकाला, बँकेत जाते. तिथे शनिवारपर्यंत वाट बघायची, कोणी गाडीने नेईल तेव्हा. यंदा ह्यांनी बसचा नंबर शोधला, ज्येष्ठांना तिकीट स्वस्त पडतं. दर मंगळवारी आम्ही दोघं बसने बागेत जातो. तिथे एक तेलुगू आजी-आजोबा येतात. भाषा एकमेकांची येत नाही, त्या मला लोकरीची नवी वीण शिकवतायत. मुलाला सुरुवातीला काळजी वाटली, आता डबा तोच भरून देतो.

परतीची_वाट :
उंबरठा, खूप छान. मी उलटं सांगते. अकरा वर्षं लीड्समध्ये राहून २०२२ ला कोथरूडला परत आलो. रस्ता ओलांडता येईना मला, दहा-दहा मिनिटं उभी. मुलगा विचारायचा, आई, इथे सगळे आपल्याला न विचारता घरात कसे येतात? शेजारच्या काकू दुधाचं पातेलं घेऊन सरळ स्वयंपाकघरात. वर्षभराने तोच त्यांच्याकडे न विचारता जायला लागला.

लीड्समधली माझी पहिली आठवण फोडणीची. हॉस्टेलात मोहरी तडतडली, अलार्म वाजला, चार मजल्यांची मुलं रात्री थंडीत बाहेर. मी सगळ्यांची माफी मागत फिरले. एका नायजेरियन मुलीने सांगितलं, आधी खिडकी उघड, स्वयंपाकघराचं दार घट्ट लाव, मग फोडणी. अजूनही खिडकी उघडूनच फोडणी करते, कोथरूडला.

शेवगा :
खिडकी उघडून फोडणी, मीपण!! कुकर झाला, पण आता मुलगी शाळेतून आली. उद्या लिहिते.

नीरा_जळगाव :
मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते. पुढच्या महिन्यात निघतेय, म्युनिकला. २३ किलोच्या दोन बॅगा. मिक्सर नेऊ का? पोळपाट-लाटणं? आई म्हणते सगळं ने.

रानजाई :
नीरा, मिक्सर आण, वीज आपल्यासारखीच २३० ची आहे, फक्त पिन वेगळी, चांगला ॲडॉप्टर घे. रविवारी लावू नकोस बाई. आणि शनिवारी पोचणार असशील तर दूध-पाव विमानतळावरूनच घेऊन घरी जा.

चिमणचारा :
लाटणं आण, पोळपाट नको. ओट्यावर लाटता येतं.

उंबरठा :
पोळपाटही ने गं. आई म्हणतेय ना.

नीरा_जळगाव :
रविवारीच पोचतेय, सकाळी ७ ला 😟

रानजाई :
विपू बघ, माझा नंबर टाकलाय. म्युनिकला माझी मैत्रीण आहे, तिला सांगते. सोमवारपर्यंत पुरेल एवढं ती घेऊन ठेवेल. तू दूध कुठलं पितेस ते तेवढं कळव.