शब्दचर्चा: ‘बघ काय सापडलं!’ याला एक शब्द हवाय

दांडियाबाजार:
घरच्या ग्रुपवर दर रविवारी मी जालावर सापडलेल्या चारदोन गमतीच्या, जरा बरं वाटेल अशा गोष्टी टाकतो. अजूनही पहिला मान त्या मगरीला. २०२४ च्या पुरात आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या होत्या, तेव्हाचा व्हिडिओ आहे. दोन तरुण एका मगरीला चक्क स्कूटरवरून वनखात्याकडे पोचवायला निघालेत आणि मागे बसलेल्याने ती मांडीवर आडवी धरलीये, माहेरवाशिणीला आणायला गेल्यासारखी!

तर या रविवारच्या प्रकाराला नाव हवंय. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की लोक न उघडताच पुसून टाकतात. ‘गंमतजंमत’ बालमासिकी वाटतं आणि ‘सकारात्मक’ म्हटलं की आता व्याख्यान होणार असं वाटून माणसं सावरून बसतात. सुचवा.

मांजलपूर:
ढकलपत्र! ईमेलच्या जमान्यात मराठी संस्थळांवर चांगला रुळला होता.

दांडियाबाजार:
माहीत आहे हो. पण ढकलण्यात नकोसेपणा आहे. माणूस दिवस ढकलतो, काम दुसऱ्यावर ढकलतो. आवडीची वस्तू कोणी ढकलत नाही.

रावपुरा:
शिवाय ‘पुढे ढकलणे’चा घोळ. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एका उत्साही सभासदांनी लिहिलं, “कोजागिरीचा निरोप पुढे ढकलला आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.” झालं! संध्याकाळपर्यंत निम्मी मंडळी विचारत होती, मग आता कधी? दूधवाल्याला सांगून ठेवलेलं, खजिनदारांचा जीव वरखाली.

आणि ‘शेअर’ला ‘सामायिक’ कोणी सुचवणार असेल तर आधीच सांगतो, बडोद्यात ते चालायचं नाही. आपल्याकडे सामायिक असते ती भिंत, विहीर, नाहीतर जिच्यावरून भाऊभाऊ कोर्टात जातात ती जमीन. पण जैनांमध्ये सामायिक हे व्रत आहे. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं, एका जागी समभावाने बसायचं. आमच्या शेजारच्या काकी पक्क्या जैन. माझ्या फोनवर मांजराच्या व्हिडिओखाली ‘सामायिक करा’ वाचून त्या मला म्हणाल्या, “बघ, फोनला कळतं, तुला नाही कळत.”

पुणे:
मीम म्हणा की सरळ. जगभर चालतो. आणि तो नपुंसकलिंगी आहे, ‘ते मीम’. हल्ली ‘तो मीम भारी होता’ ऐकू येतं, ते हिंदीच्या प्रभावामुळे.

मांजलपूर:
माझ्या मुली ‘ती मीम’ म्हणतात. रील ती, पोस्ट ती, मग मीमनेच काय पाप केलंय?

पुणे:
मुली म्हणतात म्हणून व्याकरण बदलत नाही.

मांजलपूर:
मुली म्हणतात म्हणूनच बदलतं.

लष्कर, ग्वाल्हेर:
मीम म्हणजे मजकूर लिहिलेलं चित्रच असं नाही. रिचर्ड डॉकिन्सने १९७६ मध्ये हा शब्द घडवला तेव्हा त्याच्या मनात चित्रं नव्हतीच. एखादी चाल, लकब, कल्पना या डोक्यातून त्या डोक्यात नकलेनं जाते, ती मीम. (हो, मीही ‘ती’ म्हणतो.) मूळ ग्रीक शब्दही अनुकरणाचाच. ‘जीन’शी जुळावा म्हणून त्याने तो आखूड केला. त्या हिशेबाने मगरीचा व्हिडिओ मीम नाही, पण तो पाहून कोणी स्कूटरवर रबरी मगर घेऊन फिरला तर ती मीम!

आमच्या घरी अशा गोष्टीला ‘चुटका’ म्हणतात, पण हसवणारी असली तरच. बरं वाटायला लावणारी असेल तर ‘उभारी’ हा चांगला जुना शब्द पडून आहे. एक विचारू? बडोद्यात तुम्ही खरंच ‘मजा पडली’ म्हणता?

रावपुरा:
म्हणतो. मजा तुमच्याकडे येते, आमच्याकडे पडते. गुजरातीचा गुण लागला.

सयाजीगंज:
नवा शब्द घडवायची हौस बडोद्याला जुनीच. सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना सात भाषांत प्रतिशब्द देणारा कोश करवून घेतला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’, १९३१ चा. कचेरीला असे शब्द लागतातच. पण घरच्या ग्रुपवर त्या थाटाचा शब्द कोण वापरणार?

त्यापेक्षा लोक आत्ता काय बोलतात ते ऐका. “सध्या एक व्हिडिओ फिरतोय, पाहिलास?” कोणीही शिकवलेलं नाही, सगळे म्हणतात. आणि फिरण्याला आपल्या गावात चांगला वारसाही आहे. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, त्यांनी ग्रंथालयांची घडी बसवली. मग पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून खेडोपाडी जायची. गावानं वाचायची, पेटी परत, दुसरी हजर. निवडून भरलेली, हातोहात फिरणारी. म्हणून माझं मत: ‘फिरती पेटी’.

ठाणे:
मुंबईकडे पेटी म्हणजे लाख रुपये. ‘या रविवारी पेटी पाठवतो’ असं जपून लिहा.

पुणे:
अफवाही फिरतेच की. ‘फिरती’त चांगल्यावाईटाचा भेद कुठे राहतो?

सयाजीगंज:
तो पेटीत राहतो. अफवा कोणी निवडून, घडी घालून पेटीत ठेवत नाही. अफवा सुटी फिरते.

दांडियाबाजार:
हे आवडलं. ‘फिरती’ काढून ‘रविवारची पेटी’ केलं आणि आज सकाळी ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. मगर, एक उभारीचा किस्सा आणि मांजलपूरकरांसाठी एक ‘ती’ मीम. पहिला प्रतिसाद आत्याचा आलाय: “वा! किती वाजता? आणि तबल्याला कोण आहे?”