मदत हवी आहे: कोकणातल्या पावसात सीडरच्या तबलीचं युकुलेले टिकेल का?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. चिऱ्याचं जुनं कौलारू घर. लेकीची दहावी नुकतीच आटपली. तीन वर्षं ती प्लायवुडचं सोप्रानो (छोट्या मापाचं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं वाद्य) वाजवतेय, पण आता तारेच्या 13 इंची लांबीत बोटांची दाटी होते, म्हणून 17 इंची, मोठ्या मापाचं टेनर हवंय.

गेल्या आठवड्यात पुण्यात दोन वाजवून पाहिली. पाठ आणि बाजू दोघांची महोगनी प्लायचीच, फरक फक्त पुढच्या पाटीचा (सतारीच्या भाषेत तबलीचा). एक स्प्रूस, दुसरी सीडर. स्प्रूस खणखणीत, जोरात झोडपलं तरी स्वर सुटे ऐकू येतात. सीडरला बोट लावलं न लावलं तोच भरून आवाज. कन्येचा जीव अर्थातच सीडरवर. पण दुकानातल्या त्या नमुन्यावर भोकाच्या खालच्या अंगाला आधीच्या गिऱ्हाइकांच्या नखांच्या बारीक चंद्रकोरी उमटलेल्या दिसल्या. दुकानदार म्हणे, 'सॉफ्टवूड आहे ना, चालायचंच.'

मला घोर पावसाचा. जुलैत आमच्याकडे पापड डब्यात सादळतात आणि चपलांवर बुरशी येते. त्यात ही जूनपासून अकरावीला पुण्यात हॉस्टेलवर, सुट्टीत इकडे. म्हणजे वाद्याची घाटातून चढउतार आलीच.

आणखी एक कबुली. जुन्या युकुलेलेला आमच्या आईने खंडेनवमीला हळदकुंकवाआधी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला होता. त्यावर जाड चकचकीत पॉलिश, त्यामुळे पुसून निभावलं. सीडर तर मॅट फिनिशचं आहे.

सीडर घ्यावं, स्प्रूस घ्यावं, की गपगुमान पुन्हा प्लाय? बजेट 20 हजारांच्या आत.

षड्ज_पंचम

आधी टॉप (पुढची पाटी) खरंच सॉलिड आहे का ते बघा. लेबलवर नका जाऊ. भोकाच्या कडेवर मोबाइलचा टॉर्च मारा. लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर एकसंध लाकूड. खारीसारखे पदर दिसले तर प्लाय. कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर आरसा घालून पाटीची आतली बाजू पाहा, वरच्या रेषा तिथे जुळायला हव्यात.

'सॉफ्टवूड आहे, चालायचंच' हे अर्धवट. सॉफ्टवूड म्हणजे सूचिपर्णी झाडांचं लाकूड, मऊपणाशी त्याचा थेट संबंध नाही. बाल्सा इतकं मऊ, तरी हिशेबाने हार्डवूड. सीडर मात्र खरोखरच मऊ आहे, स्प्रूस त्यापेक्षा टणक. आणि हे सीडर म्हणजे आपला देवदार नव्हे बरं का. वाद्यांचं वेस्टर्न रेड सीडर हा थुजाचा प्रकार, बंगल्यांपुढच्या मोरपंखीच्या नात्यातलं. हवाईत मूळची युकुलेले कोआची, ते तर बाभळीच्या भाऊबंदकीतलं! 1879 मध्ये मदेरा बेटावरचे पोर्तुगीज कारागीर होनोलुलूला उतरले, त्यांनी हाताशी मिळालं त्या लाकडातून आपलं छोटं वाद्य घडवलं. सॉफ्टवूडच्या पाट्यांचं चलन गिटारकडून आलेलं.

बोटांनी तार छेडून वाजवत असेल तर सीडर. सतत स्ट्रमिंग (सगळ्या तारांवर एकदम हात मारणं) असेल तर स्प्रूस. दमटपणाचा त्रास दोघांना सारखाच.

सादळलेला_पापड

(नावावरून ओळखा, डोंबिवलीकर.) माझं स्प्रूसचं कॉन्सर्ट (सोप्रानो आणि टेनरच्या मधलं माप) सहा पावसाळे निघालंय. लाकूड ओल पिऊन रेषांना आडवं फुगतं, पाटी घोडीपाशी (तारा जिला बांधतात ती पाटीवरची पट्टी) पोट काढते, तारा उंच जातात आणि बोटं दुखायला लागतात. तपासायला पॉलिशवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडा. रेघ सरळ हवी, पाण्यात पडल्यासारखी हलली तर समजा. तुमचं मॅट आहे, तेव्हा घोडीच्या मागे स्टीलची पट्टी आडवी ठेवा. थोडी गोलाई मुळात असते, म्हणून घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

वाद्य ठेवायला टणक पेटी (केस) घ्या, आत छोटा हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा), तो 45 ते 55 टक्के हवा. कोकणात जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या. नारिंगी घ्या, हिरव्या पडल्या की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरा. तांदूळ घालू नका, कोंडा आणि पोरकिडे. भिंतीला टांगणं तर विसराच, चिऱ्याची भिंत पावसात घाम काढते.

घाटावरचा

सगळे पावसावर बोलताय, पण फुगलेली पाटी बहुतेकदा परत बसते, तडकलेली बसत नाही. पुण्याचा एप्रिल-मे हा खरा वैरी. माझ्या सीडरला मेमध्येच रेषेने बोटभर चीर गेली. त्याआधी महिनाभर फ्रेटची (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं करवतीसारखी हाताला लागत होती. फिंगरबोर्ड आकसला होता, मला कळलंच नाही. तेव्हा हॉस्टेलवर उन्हाळ्यात सिलिका काढून टाका. साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज केसमध्ये ठेवा, वाद्याला न टेकता.

एसटीत वरच्या फळीवर नको, मांडीवर. उन्हातल्या गाडीत तर अजिबात नको, सरस सुटतो आणि घोडी उपटते. तारा नायलॉनच्याच, स्टीलचा ताण ही पाटी पेलत नाही. तारा ढिल्या करून ठेवायची गरज नाही.

तेलाबद्दल: मॅट सीडरवर डाग बसला की बसला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकानदाराला व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारायला लावला. कुरकुरला, पण मारला. रेषा सरळ उतरतायत. सीडरच ठरलं, ही बोटांनीच वाजवते. केस आणि हायग्रोमीटरही त्यातच बसवलं.

आईला तेलाचं वाचून दाखवलं. म्हणाली, 'मग खंडेनवमीला काय करायचं?' झेंडूचं फूल ठेव म्हटलं, केसवर.